चेक-आऊटची खोली

रंजिताला खोली आवरता येत नाही असं कुणी म्हटलं असतं, तर बंगळुरातल्या दासरहळ्ळीच्या त्या अख्ख्या बिल्डिंगनं त्यालाच वेड्यात काढलं असतं. तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या झाकणांत बघून कुंकू लावून घ्यावं, इतकी ती लख्ख. पण मार्च महिन्यात के. आर. पुरमच्या हॉटेल ट्रेनिंग स्कूलमध्ये मालदीवच्या एका रिसॉर्टची माणसं परीक्षा घ्यायला आली आणि रंजिता नेमकी खोली आवरण्यातच नापास झाली. तीस मिनिटांचं काम. तिला एक्केचाळीस लागली.

ही माणसं वर्षातून दोनदाच यायची. पुढची खेप सप्टेंबरात होती. नोव्हेंबरात रंजिताला बत्तीस पूर्ण होणार होती आणि रिसॉर्टच्या कागदावर वयाची अट बत्तिशीच्या आतली होती. म्हणजे उरली ती एकच संधी, आणि ती हुकली की बेट कायमचं हुकलं.

बेटावर का जायचंय असं विचारलं की रंजिता पगाराचं नाव पुढे करायची. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचाच तो प्रकार. सहा वर्षं ती पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात नट-बोल्टांची खोकी बंद करत होती, आणि खोकं बंद करणाऱ्याला ते कुठं जातं हे कुणी सांगत नाही. घरी यावं तर सासू आणि ती. नवरा गेल्यापासून त्या घरात घड्याळ चालू होतं, पण दिवस पुढे सरकत नव्हते. एकतिसाव्या वर्षी उरलेलं आयुष्य असंच काढायच्या कल्पनेनं तिचा जीव घाबरा व्हायचा. म्हणून ती सकाळची शिफ्ट संपवून, दोन मेट्रो बदलून, रोज दुपारी के. आर. पुरमला जात होती.

स्कूलमध्ये शिकवायला प्राणेश सर होते. बारा वर्षं बेटांवरच्या हॉटेलांत काढून परत आलेला माणूस. घराणं बंगळुरातलंच, जुनं मराठी. आमचे लोक शहाजीराजांबरोबर इथं आले, हे ते पहिल्याच तासाला सांगत, आणि त्यानंतर कन्नड मिसळलेल्या मराठीत चादर कशी ताणायची ते शिकवत.

"दोन प्रकारच्या खोल्या असतात, नीट ऐका," ते म्हणायचे. "पाहुणा राहतोय ती ऑक्युपाइड. तो बाहेर फिरायला गेलाय, पण खोली त्याचीच. पुस्तक उघडं असेल तर उघडंच राहू दे. फणी तिरकी तर तिरकीच. तुम्ही फक्त धूळ उचलायची. आणि बॅग घेऊन निघाला की झाली चेक-आऊट. तिथे दयामाया नको. पहिली चादर ओढायची. अर्ध्या तासानं इथं कुणी माणूस राहत होतं याची खूणसुद्धा दिसता कामा नये. सरी?"

"सरी, सर," सगळी पोरं एका सुरात म्हणत. रंजिता मात्र हातातल्या फडक्याची घडी घालत राहायची.

ऑक्युपाइड खोलीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाहुण्याच्या चपला जोडीनं लावायच्या, पाण्याचा अर्धा पेला झाकून ठेवायचा, हे तिला शिकवावंच लागलं नाही. पण चेक-आऊटची वेळ आली, पाहुणा झालेली एखादी मुलगी बॅग घेऊन बाहेर पडली, दार लागलं, की रंजिता खिडकीच्या काचा पुसू लागायची. मग आरसा. मग टीव्ही. पलंगाकडे हात जायचाच नाही.

"चादर, रंजिता! पहिली चादर!" प्राणेश सर दारातून ओरडायचे. "काय मा हे? काचा कुठे पळून चालल्यात?"

ती काय सांगणार? कारण सांगायचं तर चार वर्षं मागं जावं लागलं असतं.

माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढू नये, त्याचं अंथरूण झाडू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. तो पोचेपर्यंत तरी थांबावं. माणूस बाहेर पडल्या पडल्या घर झाडतात ते फक्त मढं उचलल्यावर. रंजिताला हे काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण त्या सकाळी तिची पहिली शिफ्ट होती. मंजुनाथ, तिचा नवरा, फिटर. चित्रदुर्गाकडे कुठंतरी मशीन बसवायला कंपनीच्या जीपनं निघाला, "येतो गे" म्हणाला आणि जिना उतरला. दहा मिनिटांत रंजितानं त्याचं अंथरूण झटकून गुंडाळलं, दोन्ही खोल्या झाडल्या, केर भरून टाकला आणि कामावर धावली. दुपारी अडीचला हायवेवरून फोन आला.

सासू, अंबूबाई, त्या सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात चहा घेत बसल्या होत्या. त्यांनी तो केर काढताना बघितला होता का? बघितला असणारच. दोन खोल्यांचं घर, लपायला जागा कुठे आहे? पण चार वर्षांत त्यांनी त्या केराबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी शिव्या दिल्या असत्या, ऊर बडवून घेतला असता, तर रंजितानं पाय धरून एकदाचं रडून घेतलं असतं. हे गप्प राहणं तिला जाळत होतं. केरानं माणूस मरत नाही, हे तिलाही कळत होतं. पण कळतं पण वळत नाही, अशी काही दुखणी असतात.

ऑगस्ट उजाडला तरी तिची वेळ छत्तीस मिनिटांच्या खाली येईना. प्राणेश सरांनी तिला बाजूला घेतलं.

"बघ मा, हात तुझा सगळ्यांत चांगला. पण असं चाललं तर नाव पाठवून उपयोग नाही. घरी कुणाला तरी पाहुणा कर. रोज दहा वेळा त्याला खोलीतनं बाहेर काढ आणि रोज दहा वेळा चादर ओढ. स्वल्प धीर कर."

घरी पाहुणा करायला होतं कोण? अंबूबाईच.

रंजितानं भीत भीत विचारलं. सहासष्ट वर्षांच्या अंबूबाई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मोलमजुरी करून म्हाताऱ्या झालेल्या. हॉटेलची खोली त्यांनी जन्मात बघितली नव्हती. त्यांनी आधी सगळं नीट समजून घेतलं. ऑक्युपाइड म्हणजे काय, चेक-आऊट म्हणजे काय, असं दोन-दोनदा विचारलं. मग नवं लुगडं नेसून, पानाचा डबा मांडीवर घेऊन त्या रंजिताच्या पलंगावर अशा ऐटीत बसल्या, की बेटाच्या मालकीणच.

"मी भाईर फिरायला जाऊन येते. तवर आवर बघूया," त्या म्हणाल्या आणि पाच मिनिटांनी परत येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माझी फणी कुणी हलवली गे? फणी हलवायची न्हाई म्हणून तूच सांगितलीस न्हवं?"

"चुकलं, आत्ती," रंजिता सासूला म्हणाली.

"मालकाला सांगून कामावरनं काढीन तुला."

दोघी हसल्या. त्या घरात असं हसू कधी ऐकलं होतं ते रंजिताला आठवेना.

दुसऱ्या दिवशी चेक-आऊट. अंबूबाईंनी कापडी पिशवी खांद्याला अडकवली, चपला घातल्या, "येते" म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. तेच दार. तोच जिना. रंजिता पलंगाजवळ उभी राहिली. चादरीला आत्तींच्या बसण्याच्या सुरकुत्या पडल्या होत्या. तिनं हात पुढे केला, तो अध्येच मागे घेतला आणि ती पलंगाशेजारी जमिनीवर बसली.

दार उघडलं. अंबूबाईंनी सुनेकडे बघितलं, चादरीकडे बघितलं, कोपऱ्यातल्या केरसुणीकडे बघितलं. त्यांना कळलं. आणि त्यांना कळलंय हे रंजितालाही कळलं. आता बोलतील, या भीतीनं तिनं डोळे मिटून घेतले.

"ऊठ," अंबूबाई म्हणाल्या. "पुन्ना जाते."

त्या पुन्हा गेल्या आणि पुन्हा आल्या. "बघ, आले की न्हाई?" एवढंच म्हणाल्या आणि परत बाहेर. त्या संध्याकाळी त्या अकरा वेळा गेल्या आणि अकरा वेळा आल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी म्हातारी मजला उतरायची, चढायची. शेजारची बाई विचारायला आली, काय चाललंय म्हणून. "लॉज काढलाय," अंबूबाई म्हणाल्या, "खोली पायजे काय?" महिनाभर हे असं चाललं. हळूहळू रंजिताचा हात चादरीपर्यंत पोचला, मग चादरीवर टेकला, आणि एका रविवारी, दार लागल्याबरोबर, तिनं ती चादर एका हिसक्यात ओढली. बाहेर जिन्यावर चपलांचा आवाज होता. तो परत येणार हे हाताला पाठ झालं होतं.

सप्टेंबरात रिसॉर्टची एक करड्या केसांची बाई आली. पाहुणी म्हणून स्वतःच बॅग ओढत खोलीबाहेर पडली आणि तिनं घड्याळ लावलं. रंजिताची नजर आधी खिडकीच्या काचेकडे गेली. पण चादर पहिली ओढली गेली. मग उशा, न्हाणीघर, आरसा, जमीन. बाईनं पलंगाखाली वाकून बघितलं, चादरीचा कोपरा उचलून बघितला, आणि कागदावर आकडा लिहिला. अठ्ठावीस मिनिटं.

प्राणेश सरांनी स्कूलभर पेढे वाटले. रंजितानं पेढा तोंडात टाकला, पण तो गोड लागेना. अठ्ठावीस मिनिटांत एक माणूस पुसून टाकता येतं, आणि ते आपल्याला आता येतं, या विचारानं तिला भलतीच भीती वाटली.

ही भीती कमी होती म्हणून की काय, पुढच्या रविवारी सर्जापूर रोडवरून नणंद आली. कमलाक्का मंजुनाथहून थोरली; तिचा नवरा तिकडच्या एका अपार्टमेंटमध्ये सिक्युरिटीचा सुपरवायझर. वाईट बाई नव्हती, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला बसल्या जागी खडा टोचावा.

"वर्षाचं काँट्रॅक्ट म्हणे? वर्षाची दोन होतात, दोनाची पाच," ती म्हणाली. "तिथं समुद्र बघितलेली बाई दासरहळ्ळीला कशाला परत येईल? आणि का यावं? इथं तिचं आहे कोण आता?" मग आईकडे वळून, "ती खोली रिकामीच पडणार, तर आमच्या प्रणीतला राहू दे. त्याचं कॉलेज इकडंच आहे. तुलाही सोबत."

अंबूबाई पान लावत राहिल्या. हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

त्या गप्प बसण्यानं रंजिताची झोप उडाली. नाही नाही ते आता मनात येऊ लागलं. महिनाभर म्हातारी दुखऱ्या गुडघ्यांनी वर-खाली झाली ती कशासाठी? सुनेला पास करण्यासाठी, की एकदाचं घालवण्यासाठी? मुलाच्या मागोमाग केर काढणारी बाई डोळ्यांसमोर नको झाली असेल तर त्यात नवल काय? ज्या घरातून नवरा गेला ते घर आपलं आहे का, हा प्रश्न तिनं इतके दिवस स्वतःलाही विचारला नव्हता. आता तो दिवसरात्र कानाशी बसला होता. बेट तर मिळालं होतं, पण वर्षानं परत यायचं ते कुठं? माहेरी आईवडील नव्हते. विचारावं तर धीर होत नव्हता, आणि आत्ती हो म्हणाल्या तर काय, या भीतीनं तिनं विचारलंच नाही.

निघायचा दिवस आला. विमान दुपारचं, घरातून सकाळी नऊला निघायचं. कमलाक्का आदल्या दिवशीच मदतीला म्हणून येऊन राहिली होती. रंजितानं बॅग दाराशी ठेवली. चहाचा शेवटचा घोट तिला जाईना, कप तसाच स्वयंपाकाच्या कट्ट्यावर ठेवला. ती अंबूबाईंच्या पाया पडली.

"येते, आत्ती."

जाणारा येते म्हणाला की राहणाऱ्यानं ये म्हणायचं असतं. एवढाच एक शब्द. रंजिता तो ऐकायला वाकलेलीच राहिली.

"हं," अंबूबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेल्या.

बॅग घेऊन जिना उतरताना रंजिताला पायऱ्या धड दिसत नव्हत्या. तिला उत्तर मिळालं होतं. एअरपोर्टच्या बसच्या स्टॉपवर ती पोचली, आणि सवयीनं तिनं कागद तपासले. पासपोर्ट होता, काँट्रॅक्ट होतं, तिकीट होतं. मेडिकलची फाइल नव्हती. त्या फाइलीशिवाय बेटावर पाऊल ठेवू देणार नाहीत, हे प्राणेश सरांनी दहादा बजावलेलं. फाइल खोलीतल्या फळीवर, फणीजवळ. शेवटी वेणी घालताना तिथेच ठेवली होती.

निघालेल्या माणसानं परत फिरू नये म्हणतात. पण इलाज नव्हता. स्टॉपजवळच्या ओळखीच्या दुकानदाराकडे बॅग सोडून ती अक्षरशः पळत निघाली. घराबाहेर पडून वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. तेवढ्यात काय काय होऊ शकतं हे तिच्याहून चांगलं कुणाला माहीत? चादर, उशा, न्हाणीघर, आरसा, जमीन. अठ्ठावीस मिनिटांत खूणसुद्धा राहत नाही. मी घरी जाईन आणि खोली रिकामी असेल, हे ती जिना चढताना स्वतःला बजावत होती, म्हणजे बघितल्यावर लागायला नको.

दार अर्धवट उघडं होतं. आतून कमलाक्काचा आवाज आला.

"अगं, दे की ती केरसुणी इकडं. सोमवारी प्रणीत येणार. आज आवरून घेते, म्हणजे मी जायला मोकळी."

"केरसुणीला हात लावायचा न्हाई."

"पोचू दे तिला म्हणतीस ना? बरं, उद्या काढते. चादर तरी बदलू दे."

"चादर न्हाई, काई न्हाई."

"आई, काय हे जुनं घेऊन बसलीस? केर काढला म्हणून काय होतंय?"

रंजिता दाराबाहेर भिंतीला हात लावून उभी होती.

"मंजू गेला त्या दिशी हिनं केरसुणी उचलली," अंबूबाई म्हणाल्या. "मी हितंच चा पीत बसले हुते. बगितलं मी. थांब गे, पोचू दे त्याला, म्हणावं वाटलं. मग म्हटलं, पोरीची शिफ्ट हाय, उगं कशाला अडवा. तोंड उघडलं न्हाई मी, कमळे. चार वर्सं झाली, रोज सकाळी चा पिताना माझं तोंड मला खातंय. तिला काय सांगू? तिला वाटतंय तिचं चुकलं. मला ठावं हाय माझं चुकलं. मगाशी ती येते म्हणाली, तवाबी हे तोंड उघडलं न्हाई, ये म्हणाया आलं न्हाई. म्हणून आत पळाले."

कमलाक्का हळू आवाजात म्हणाली, "मग खोली अशीच ठेवणार? वर्षभर?"

"वर्सभर. प्रणीत येऊ दे की, भाईरच्या खोलीत निजंल. ही खोली चेक-आऊट न्हवं. ह्याला आक्युपाइड म्हणत्यात. माणूस भाईर गेलंय, खोली त्याचीच हाय. धूळ तेवढी मी पुसणार. फणी हाय तशी ऱ्हाणार."

रंजितानं दार ढकललं. केरसुणी अंबूबाईंनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. कट्ट्यावर तिचा चहाचा कप होता, त्यावर बशी झाकलेली. पलंगावरची चादर तिनं सोडली तशीच, एका कोपऱ्याला चुरगळलेली होती. फळीवर फणी तिरकी पडली होती, शेजारी फाइल.

"फाइल ऱ्हायली," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भानही नव्हतं.

अंबूबाईंनी तिच्याकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलंय हे त्यांना समजलं, तशा त्या एकदम चिडल्या.

"मग घे की! बगत काय ऱ्हालीस? आन् बस जरा. परत फिरलेलं माणूस पाणी न पिता जात न्हाई. कमळे, पाणी आण."

रंजिता आपल्या पलंगावर बसली. कमलाक्कानं पाणी आणलं. तिनं ते सगळं प्यायलं. अंबूबाई समोर उभ्या होत्या, केरसुणी अजून हातातच.

"तोंड पूस," त्या म्हणाल्या. "बस चुकंल."

रंजितानं फाइल उचलली. फणीला धक्का लागून ती सरळ झाली, तेव्हा अंबूबाईंनी पुढे होऊन ती पुन्हा तिरकी केली.

"येते, आत्ती."

"ये," अंबूबाई म्हणाल्या. आवाज फाटका निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा, मोठ्यानं म्हटलं, "ये गे."

ती जिना उतरली. खालच्या वळणावर क्षणभर थांबून तिनं कान दिला. वर केरसुणीचा आवाज नव्हता.